रद्दीतली माणसं

वाचनालयाची रद्दी किलोला बारा रुपयांनी जाते,
यंदा मी नऊ किलो दडवली.
समितीला सांगितलं, वाळवी लागली.
मार्चचा गठ्ठा त्यात नाही,
तो कपाटावर.

मुलं पाच, कात्री एक, माझ्या शिवणाची.
वाटीभर मैदा शिजवून खळ.
मोरचूद घातला नाही,
साईश बोटं चाटतो.

साखळीच्या बाजारात नरकासुराचा तयार मुखवटा साडेतीनशेला,
चकचकीत, जीभ बाहेर.
आमचा फुगा दहा रुपयांचा,
त्यावर कागदाच्या पट्ट्या, एक थर उभा, एक आडवा,
सुकवायला वाळवंटीवरचा वारा फुकट.

पट्टी कापायची नाही, मी सांगते, हाताने फाडायची.
फाटलेली कड मऊ असते,
कापलेल्या कडेपेक्षा बरी चिकटते.
(एवढंच सांगायचं असतं मला.
मोठी माणसं उगाच मान डोलावतात.)

पाचव्या पानावर तन्वेषा थांबली.
पान उभं फाडायचं होतं,
मध्ये एक माणूस आला.
गळ्यापर्यंत बटण लावलेला,
फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटल्यावर
डोळे होतात तसे डोळे.
द्वितीय पुण्यस्मरण.
खाली पत्नी, मुलगे, सुना, जावई,
आणि समस्त परिवार, कुडणे.

"बाय, हाका लासचो न्हय."

अगं, कागद आहे तो, मी म्हटलं.
आतल्या थरात लाव, दिसणार नाही.
म्हटलं, गेल्या वर्षीसुद्धा आपण...
आणि तिथेच माझी जीभ अडली.
गेल्या वर्षी किती जण होते
आमच्या नरकासुराच्या गालात, कपाळात,
पोटातल्या गवतावर तोंड दाबून,
आणि पहाटे, कारीट फोडायच्या आधी,
आम्ही टाळ्या वाजवत होतो.

मग मुखवटा राहिला बाजूला.
खळीवर साय धरली.
दुपारभर पानं उलटत बसलो.
ऑल्विटो क्रूस असलेले शोधायचा,
रेहान मोजायचा.
एकशे चौदा निघाले.
एक जण दोनदा आला:
एकदा बातमीत, वाकडी झालेली स्कूटर,
चार दिवसांनी चौकटीत, हसरा.
एक म्हातारी कुठल्याशा लग्नातून कापून काढलेली,
खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात
राहून गेला होता.

"मंत्र्यांचे पण काढायचे?" साईशने विचारलं.
नको, म्हटलं. ते राहू देत.

तर यंदाचा नरकासुर झाला
निविदा, भरती-ओहोटीच्या वेळा,
काजूबियांचे भाव आणि उद्घाटनं मिळून.
एक डोळा खाली घसरला.
पण उभा राहिला.

माणसं बिस्किटांच्या डब्यात ठेवली.
त्यांचं काय करायचं
कुणी विचारलं नाही,
मलाही ठाऊक नव्हतं.
दुसऱ्या दिवशी तन्वेषाने पिवळा घोटीव कागद मागितला,
तीन रुपयांचा एक,
आणि घरून आणलेल्या बांबूच्या काड्या बांधून
कंदील केला, जरा कलता.
आतल्या बाजूला कुडण्याचे ते गृहस्थ.

संध्याकाळी बल्ब लावला.
आधी काहीच दिसेना, नुसता पिवळा.
मग पायरीवरून पाहिलं
तर ते होते,
आणि उजेडामुळे मागच्या पानावरचं
त्यांच्या कपाळावर उमटलं होतं उलट्या अक्षरांत:
विकणे आहे, शिलाई मशीन, चालू स्थितीत.

मुलं खो-खो हसली.
मीही.
मग आत जाऊन स्टूल ओढलं कपाटापाशी.
हात पुरत नव्हता.
साईश मागे कधी आला कळलं नाही,
बोटांना अजून खळ.

"बाय," तो म्हणाला, "हांव चडूं?"